जुन्या गाडीचे स्टिअरिंग जड झाले आहे: रॅक बदलण्यापूर्वी काय तपासावे?

जुनेचाक

माझी सेडान अठरा वर्षांची आहे. तिला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असून त्याचा पंप इंजिनवरच्या पट्ट्याने फिरतो. गेल्या काही महिन्यांत स्टिअरिंग हळूहळू जड होत गेले आणि आता गाडी जागेवर वळवताना खांदे भरून येतात. एका मेकॅनिकने पाच मिनिटे चालवून पाहून रॅक (पुढच्या चाकांना डावी-उजवीकडे ढकलणारा दातेरी दांडा) गेला असल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने पंपावर बोट ठेवले. दोघांपैकी कोणीही गाडी जॅकवर घेतली नाही किंवा बॉनेटखाली फारसे डोकावले नाही. टाकीतील तेलाची पातळी खुणेपर्यंत आहे, खाली गळती दिसत नाही आणि पट्टाही वरवर पाहता ठीक वाटतो. एकामागून एक महाग सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा दोष नेमका कोठे आहे हे आधी ठरवायचे आहे. घरी जॅक, स्टँड आणि साधी हत्यारे आहेत. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

सरळरेषा

सर्वांत आधी पुढच्या टायरांतील हवा मोजा, आणि टायर थंड असतानाच मोजा. हवा कमी असली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि जागेवर वळवताना तो सगळा रबर जमिनीवर पिळला जातो. चालत्या गाडीत हा फरक फारसा कळत नाही, पण पार्किंगमध्ये लगेच कळतो. मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवले असतील तर तेही लिहा. हे इतके साधे कारण आहे की ते तपासायचे राहून जाते.

तेलकट_हात

हवेची तपासणी आधी करावी हे योग्यच आहे. मात्र त्यानंतर हत्यार हातात घेण्याऐवजी काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत असे मी सुचवेन, कारण ‘जड’ या एका तक्रारीखाली निरनिराळे दोष दडलेले असतात आणि ते कोणत्या वेळी जाणवतात यावरूनच अर्धे निदान होते.

स्टिअरिंग फक्त गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना जड लागते आणि वेग घेतल्यावर नेहमीसारखे होते का? तसे असल्यास मदत कमी पडते आहे, म्हणजे पंप, पट्टा, तेल किंवा टायर यांच्याकडे पाहावे लागेल. उलट ते सर्व वेगांना जड असेल, आणि विशेषतः वळणातून बाहेर पडताना आपोआप मध्यावर परत येत नसेल, तर कोठेतरी यांत्रिक घर्षण वाढले आहे. पुढच्या चाकांच्या भूमितीत कॅस्टरचा कोन (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकाव) असतो, त्यामुळे चालत्या गाडीची चाके स्वतःहून सरळ होऊ पाहतात. तो जोर फार मोठा नसतो आणि एखादा सांधा घट्ट झाला की तो अडतो. नवीन पंप बसवल्याने हे घर्षण कमी होत नाही, फक्त झाकले जाते.

एका बाजूला हलके आणि दुसऱ्या बाजूला जड असेल तर पंपाला सहसा निर्दोष समजावे, कारण पंपाला डावे-उजवे कळत नाही. तो एकाच दिशेने तेल ढकलतो आणि ते कोणत्या बाजूला पाठवायचे हे रॅकवरचा व्हॉल्व्ह ठरवतो. तेव्हा असा दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा रॅकच्या आतील सीलमध्ये शोधावा.

सकाळी पहिल्या काही मिनिटांत जड आणि गाडी तापली की हलके, हा आणखी एक ओळखीचा नमुना आहे. व्हॉल्व्हवरच्या टेफ्लॉनच्या कड्या ॲल्युमिनियमच्या घरात खाचा पाडतात. थंडपणी त्या खाचांतून तेल निसटते आणि तापल्यावर कड्या पुन्हा नीट टेकतात. १९८० च्या दशकातील अनेक अमेरिकन गाड्यांत हा दोष सर्रास आढळत असे. तो असेल तर मात्र रॅक बदलणे किंवा पुनर्बांधणी केलेला बसवणे याला पर्याय राहत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे, पण तो क्वचितच विचारला जातो. स्टिअरिंग अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना जडपणा सगळीकडे सारखा असतो, की काही ठिकाणी जास्त आणि काही ठिकाणी कमी असतो?

जुनेचाक

टायर मूळ मापाचेच आहेत. पुढच्या दोन्हींत हवा थोडी कमी होती, ती भरल्यावर किंचित फरक पडला, पण मूळ तक्रार तशीच आहे. बाकीची उत्तरे अशी: स्टिअरिंग उभ्या गाडीत सर्वाधिक जड असते, परंतु मोठ्या रस्त्यावरही जड लागते आणि वळण संपल्यावर हाताने सरळ करावे लागते. डाव्या-उजव्यात फरक नाही, थंड-गरममध्येही नाही. पंपाचा आवाज येत नाही. सावकाश फिरवताना ते मध्येच घट्ट आणि मध्येच सैल होते असे वाटले, पण हा भास आहे की खरेच तसे आहे हे मला ठामपणे सांगता येणार नाही.

खडखडाट

तरीही पंपाची बाजू इतक्या लवकर सोडून देऊ नये असे माझे मत आहे. एक साधी चाचणी करा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग काही वेळा डावीकडे-उजवीकडे हलवा, म्हणजे यंत्रणेत काही दाब उरला असेल तर तो जाईल. मग एका दिशेला हलका जोर देऊन धरून ठेवा आणि इंजिन सुरू करा. मदत मिळत असेल तर सुरू होताक्षणी व्हील (हातातले स्टिअरिंगचे चाक) हाताखाली सरकते आणि मऊ होते. काहीच बदल जाणवला नाही तर पट्टा, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यापैकी कोणीतरी काम करत नाही. नंतर इंजिनचे फेरे थोडे वाढवून पाहा. कमी फेऱ्यांवर जड आणि वाढवल्यावर हलके होत असेल तर पंप झिजलेला आहे किंवा पट्टा घसरतो आहे.

पट्टा ‘वरवर पाहता’ ठीक असणे पुरेसे नाही. जुन्या रबराच्या पट्ट्यांना भेगा पडत, त्या डोळ्यांना दिसत. आता ईपीडीएम या टिकाऊ कृत्रिम रबराचे, लांबीच्या दिशेने खाचा असलेले पट्टे वापरतात. त्यांना भेगा न पडताही खाचा झिजत जातात आणि पट्टा पुलीच्या तळाला टेकून घसरू लागतो. पूर्ण वळणावर किंचाळल्यासारखा आवाज येणे ही घसरण्याची प्रसिद्ध खूण आहे, परंतु पट्ट्यावर तेल सांडलेले असेल तर तो अगदी गुपचूप घसरतो. स्वयंचलित टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) असेल तर त्याच्या खुणेकडेही पाहा.

तेलाची पातळी पाहिलीत, पण तेल पाहिलेत का? टाकीचे झाकण उघडून इंजिन चालू ठेवा आणि कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. तेल दुधाळ दिसले किंवा फेस आला तर यंत्रणेत हवा शिरते आहे. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत इंजिन चालू असताना बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे सैल क्लॅम्पमधून तेल बाहेर न पडता हवा आत ओढली जाते, आणि खाली थेंबही नसताना पंप कण्हू लागतो. तेल काळे असेल आणि बोटावर बारीक काजळी येत असेल तर नळ्यांच्या आतला रबर सुटतो आहे. त्याचे तुकडे टाकीच्या तळाच्या जाळीत अडकतात आणि पंपाला पुरेसे तेल मिळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. पॉवर स्टिअरिंगची मदत गेलेली गाडी मुळात पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीपेक्षा जड लागते, हे अनेकांना चमत्कारिक वाटते. क्रायस्लरने १९५१ मध्ये इम्पीरियलमध्ये हायड्रॉलिक स्टिअरिंग बाजारात आणले. त्यापूर्वीच्या गाड्यांना मोठे व्हील असे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच फेऱ्या द्याव्या लागत. मदत मिळू लागल्यावर फेऱ्या तीनच्या आसपास आल्या. तेव्हा मदत गेली की चालकाच्या वाट्याला कमी तरफ येते, आणि वर सिलिंडरमधले तेलही हातानेच ढकलावे लागते. सांगायचा मुद्दा असा की फार जड आहे, म्हणजे नक्की काहीतरी यांत्रिक अडकले आहे, असा निष्कर्ष केवळ जडपणावरून काढू नये.

तेलकट_हात

खडखडाट यांनी दिलेली इंजिन सुरू करण्याची चाचणी अवश्य करा. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी, म्हणजे वेगात असतानाही जड लागणे आणि मध्यावर परत न येणे, या मला पंपाकडे नेत नाहीत. हा वाद निकालात काढण्यासाठी पुढची चाके जमिनीवरून उचलावी लागतील.

गाडी सपाट, टणक जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण्या लावा, पुढची बाजू उचला आणि गाडीचा भार स्टँडवर घ्या. केवळ जॅकच्या भरवशावर चाकांना झटके देऊ नका. किल्ली इतकीच फिरवा की स्टिअरिंगचे कुलूप सुटेल. इंजिन सुरू करू नका. आता व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. जमिनीचे घर्षण आता नाही आणि पंपाची मदतही नाही, त्यामुळे हाताला जो विरोध जाणवेल तो सांध्यांचा, कॉलमचा (व्हीलपासून खाली येणाऱ्या दांड्याचा) आणि रॅकचा आहे. हायड्रॉलिक यंत्रणेत तेल इकडून तिकडे सरकवण्याचा थोडा विरोध असतोच, पण तो एकसारखा आणि मऊ असतो. जितके हळू फिरवाल तितका तो कमी होतो.

चाके हवेत गेल्यावर स्टिअरिंग एकसारखे हलके झाले तर मी माझे म्हणणे मागे घेऊन पंपाकडे वळेन. तसेच घट्ट राहिले तर नवा पंप आणण्यात अर्थ नाही. शक्य असल्यास व्हीलच्या वरच्या टोकाला रंगीत पट्टी चिकटवा आणि घट्ट जागा कोठे कोठे येतात ते कागदावर मांडा.

वळणवाट

थोडे विषयाला लागूनच विचारते. माझ्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. त्यात तेलच नाही, तर या चाचण्या लागू पडतात का? माझे स्टिअरिंग पार्किंगमध्ये बराच वेळ पुढे-मागे केल्यावर जड होते आणि थोड्या वेळाने पूर्ववत होते.

सरळरेषा

चाके उचलण्याची चाचणी तशीच लागू पडते, कारण सांधे आणि टायर दोन्हीकडे सारखेच असतात. तुम्ही सांगितलेला प्रकार मात्र बहुधा दोष नाही. व्हील पूर्ण वळवून धरून ठेवले किंवा जागेवरच वारंवार फिरवले की मोटर तापते आणि नियंत्रक तिला वाचवण्यासाठी मदत कमी करतो. थंड झाल्यावर मदत परत येते. पूर्वी इतकेच काम केल्यावर तसे होत नसेल तर मात्र मोटरवर जास्त भार का येतो आहे ते शोधावे, आणि त्याची कारणे याच चर्चेत सापडतील.

याखेरीज बॅटरी तपासा. पार्किंगच्या वेळी ही मोटर काही गाड्यांत ५० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. थकलेली बॅटरी, गंजलेले अर्थिंग किंवा कमी चार्जिंग यांचा परिणाम हेडलाइटवर दिसण्याआधी स्टिअरिंगवर दिसू शकतो. इंजिन बंद ठेवून काही तासांनी सुस्थितीतील बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ असावी आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागत असेल तर आधी स्कॅनर लावून कोड वाचा, कारण टॉर्क सेन्सरचा (हाताचा जोर मोजणाऱ्या भागाचा) दोष हाताने चाचपून कळत नाही.

जुनेचाक

दोन्ही चाचण्या केल्या. इंजिन सुरू होताच व्हील हाताखाली स्पष्ट सरकते, म्हणजे मदत मिळते आहे. फेरे वाढवल्यावर फारसा फरक पडत नाही. टेन्शनरची खूण मर्यादेत आहे.

चाके उचलल्यावर, इंजिन बंद असताना, स्टिअरिंग हलके होईल अशी अपेक्षा होती, पण ते काही ठिकाणी इतके घट्ट आहे की बोटांनी फिरवता येत नाही. पट्टी चिकटवून फिरवले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पट्टी वर आली की घट्ट, पाव फेरी पुढे गेली की सैल, खाली आली की पुन्हा घट्ट. पुढच्या फेरीतही त्याच जागी तसेच होते. हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न चुकता घडते.

तेलकट_हात

याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण आहे. आता विचार असा करा. रॅक सरळ रेषेत सरकतो. त्याच्यावर एखादी खराब जागा असेल, दांडा वाकलेला असेल किंवा एखादा दात दुखावला असेल, तर ती जागा संपूर्ण प्रवासात एकदाच येईल. पूर्वी कोणी मध्यावरचा खुळखुळा घालवण्यासाठी रॅकचा समायोजन स्क्रू आवळला असेल तर मध्यावर ठीक आणि दोन्ही टोकांकडे घट्ट असा अनुभव येतो, कारण सर्वाधिक वापर मध्यावर होतो आणि झीजही तेथेच होते. टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) किंवा खालचा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळते तो गोळीचा सांधा) सुकला असेल तर घट्टपणा बराचसा सगळीकडे पसरलेला असतो. व्हीलच्या प्रत्येक फेरीत दोनदा, त्याच कोनांवर, परत परत येणारा घट्टपणा मात्र व्हीलबरोबर फिरणाऱ्या भागातूनच येऊ शकतो. असा भाग म्हणजे कॉलम आणि रॅक यांना जोडणारा मधला शाफ्ट आणि त्यावरचे युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपले क्रॉस.

दोनदाच का, हेही पाहण्यासारखे आहे. क्रॉसला एकमेकांशी काटकोनात असलेले दोन अक्ष असतात. शाफ्ट कोनात फिरताना वाकण्याचे काम हे दोन अक्ष आळीपाळीने करतात. एका अक्षाच्या बेअरिंगमध्ये पाणी जाऊन सुया गंजल्या की त्या अक्षाची पाळी आली की घट्ट आणि दुसऱ्याची पाळी आली की सैल. एका फेरीत प्रत्येक अक्षाची पाळी दोनदा येते. इंजिनच्या खोलीत, एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ आणि चाकाने उडवलेल्या पाण्याच्या वाटेवर बसलेला खालचा क्रॉस बहुधा आधी जातो.

खात्री करण्यासाठी शाफ्ट रॅकच्या पिनियनपासून (रॅकला सरकवणाऱ्या लहान दातेरी चाकापासून) सोडवावा लागेल. तत्पूर्वी चाके सरळ करा, पिनियन आणि जॉइंट यांच्यावर रंगाने किंवा टोच्याने जुळणारी खूण करा. जॉइंटचा पिंच बोल्ट (जोड आवळून धरणारा बोल्ट) पिनियनच्या खाचेतून आरपार जातो, म्हणून तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. एअरबॅग असलेल्या गाडीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. व्हीलच्या मागे एअरबॅगला वीज पोहोचवणारी, गुंडाळलेली स्पायरल केबल असते आणि ती दोन्ही बाजूंना मोजक्याच फेऱ्या सहन करते. एरवी रॅकची टोके तिचे रक्षण करतात. शाफ्ट सुटल्यावर ते रक्षण राहत नाही आणि व्हील गरगर फिरले तर केबल तुटते. म्हणून काम चालू असताना व्हील बांधून ठेवा. चाचणीसाठी फिरवायचेच असेल तर मध्यापासून प्रत्येक बाजूला एका फेरीपलीकडे जाऊ नका आणि परत मध्यावर आणूनच जोडा.

सोडवल्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहा: वरचा कॉलम एकटा कसा फिरतो, आणि खाली चाके हाताने धरून वळवल्यावर रॅक कसा सरकतो. यंत्रणेचे असे दोन तुकडे केले की दोष कोणत्या बाजूला आहे यावर मतभेदाला जागा उरत नाही.

नवखा_चालक

क्रॉसवर गंज सोडवणारे तेल फवारले तर काम भागणार नाही का? माझ्या एका परिचिताचे स्टिअरिंग त्यानेच मोकळे झाले होते.

खडखडाट

निदानासाठी तो उत्तम उपाय आहे. फवारल्यानंतर काही वेळाने घट्टपणा उघडपणे कमी झाला तर दोष तेथेच असल्याचे सिद्ध होते, आणि शाफ्ट काढण्याआधीच उत्तर मिळते. दुरुस्ती म्हणून मात्र मी त्यावर विसंबणार नाही. क्रॉसच्या टोप्यांमध्ये सुयांचे बेअरिंग असते. पातळ तेल आत शिरून उरलेसुरले ग्रीस धुऊन काढते, आणि गंजाने सुयांत पडलेले खड्डे तसेच राहतात. काही दिवस हलके वाटते, मग एक तर पुन्हा घट्ट होते किंवा खुळखुळू लागते. खुळखुळणारा क्रॉस घट्ट क्रॉसपेक्षा बरा नव्हे. शाफ्ट अखंड मिळत असेल तर अखंडच बदलावा. केवळ क्रॉस दाबून बसवायचा झाला तर दोन्ही टोकांचे काटे मूळच्याच कोनात राहिले पाहिजेत, नाहीतर फिरण्याची गती फेरीमध्ये कमी-जास्त होते.

आणि हे गंभीरपणे घ्यावे, असे मला येथे सांगावेसे वाटते. वळवलेले स्टिअरिंग आपोआप परत न येणे ही गैरसोय आहे, पण ते मध्येच क्षणभर अडकणे हा धोका आहे. जुनेचाक, तसे एकदाही झाले असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

सरळरेषा

चाके हवेत आहेतच, तर आणखी दोन जागा पाहून घ्या. चाक वळवताना शॉक अब्सॉर्बरच्या स्प्रिंगवर हात ठेवा, बोटे वेटोळ्यांमध्ये न घालता. वरचे बेअरिंग नीट असेल तर स्प्रिंग चाकाबरोबर सहज फिरते. बेअरिंग अडलेले असेल तर स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग ‘टण्’ असा आवाज करून सुटते. भार नसताना हा दोष काही वेळा लपतो, तेव्हा गाडी खाली घेतल्यावर हीच तपासणी माउंटच्या (शॉक अब्सॉर्बरच्या वरच्या बैठकीच्या) माथ्यावर बोट ठेवून पुन्हा करा.

दुसरी जागा म्हणजे टाय रॉड एंड. तो नकलपासून (चाक धरणाऱ्या भागापासून) सोडवला की त्या बाजूचे चाक हाताने डावी-उजवीकडे झुलवता येते. दोन्ही बाजूंची तुलना केली की खालचा बॉल जॉइंट किंवा वरचे बेअरिंग कोणत्या बाजूला घट्ट आहे ते लगेच हाताला कळते. रबरी टोपी फाटलेला जॉइंट आज मोकळा असला तरी फार काळ मोकळा राहणार नाही.

जुनेचाक

शाफ्ट बाहेर काढला. खालचा क्रॉस एका अक्षावर सहज वाकतो. दुसऱ्या अक्षावर तो हाताने हलतच नव्हता, वाइसमध्ये धरून लिव्हर लावल्यावर करकरत हलला आणि टोपीच्या कडेने तांबडी भुकटी बाहेर आली. शाफ्ट सुटल्यावर वरचा कॉलम एका बोटाने फिरतो. चाके धरून वळवली तर रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा सरकतो, म्हणजे ज्या रॅकवर पहिला ठपका ठेवला होता तो निर्दोष निघाला. डाव्या बाजूचे वरचे बेअरिंग कोरडे आहे, भार आल्यावर स्प्रिंग थोडी पीळ खाते. दोन्ही खालचे बॉल जॉइंट ठीक आहेत.

नवा अखंड शाफ्ट आणि नवा पिंच बोल्ट बसवला. डावे बेअरिंगही बदलून घेतले. घट्ट-सैल होणे पूर्णपणे थांबले आणि वळणातून बाहेर पडताना व्हील स्वतःहून सरळ होते. एक गोष्ट मात्र उरली आहे. इंजिन मंद फेऱ्यांवर असताना व्हील झपाट्याने फिरवले तर मध्येच किंचित जड लागते, हळू फिरवले तर नाही. हे आधीपासून असावे, पण मोठ्या दोषाखाली जाणवत नव्हते. तेल पांढऱ्या कागदावर टिपले तर जवळजवळ काळे आहे.

खडखडाट

येथे पंपाची बाजू पुन्हा उघडते. झपाट्याने फिरवताना सिलिंडरला कमी वेळात जास्त तेल लागते, आणि तेवढा प्रवाह मिळाला नाही की क्षणभर मदत तुटते. पण काळे तेल आणि जाळी ही कारणे पंप खोलण्याच्या आधी दूर करावीत. टाकीचे झाकण किंवा पुस्तिका पाहून तेलाचा प्रकार निश्चित करा. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल चालते, काहींना वेगळेच हायड्रॉलिक तेल लागते, आणि रंग सारखा आहे म्हणून एकाऐवजी दुसरे भरता येत नाही. ब्रेकचे तेल तर चुकूनही जाता कामा नये, ते सील फुगवून निकामी करते.

टाकीतले तेल उपसून घ्या. जाळी टाकीतच बसवलेली असते आणि बहुधा स्वच्छ करता येत नाही, तेव्हा ती तुंबलेली दिसली तर टाकीच बदला. परतीची नळी टाकीपासून सोडवून बाटलीत घ्या, टाकीचे ते तोंड बुजवा आणि चाके हवेत असताना इंजिन बंद ठेवून व्हील सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहा. कोणीतरी टाकीत नवे तेल ओतत राहावे, टाकी रिकामी होऊ देऊ नये. स्वच्छ तेल येऊ लागले की नळी जोडा, आणखी काही वेळा तसेच फिरवून हवा काढा, मगच इंजिन सुरू करा. पूर्ण वळणावर व्हील पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नका, त्या वेळी पंप कमाल दाबावर असतो आणि तेल झपाट्याने तापते.

एवढे करूनही फरक पडला नाही तर दाबमापक लावण्याची वेळ येईल. तो पंप आणि रॅक यांच्यामध्ये, रॅकच्या बाजूला झडप ठेवून जोडतात. झडप क्षणभर बंद केल्यावरही पुस्तिकेतील दाब मिळाला नाही तर पंप किंवा त्यातील रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) सदोष आहे. झडप बंद असताना दाब मिळतो, पण उघडून व्हील टोकाला नेल्यावर मिळत नाही, तर तेल रॅकच्या आतच निसटते आहे. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांत हा दाब ७० ते १०० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, म्हणून ही एक तपासणी घरी न करता अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावी.

तेलकट_हात

तेल बदलण्यापूर्वी आणि नंतर मोजमाप घ्या, म्हणजे ‘हलके वाटते’ या भावनेवर विसंबावे लागणार नाही. साधा स्प्रिंगचा ताणकाटा व्हीलच्या कडेला अडकवा आणि गाडी कोरड्या, टणक जमिनीवर उभी असताना, इंजिन मंद फेऱ्यांवर ठेवून, कडेला स्पर्शरेषेत ओढा. व्हील सरकत असताना जो आकडा दिसेल तो लिहा, सुटताना बसणाऱ्या पहिल्या झटक्याचा नको. हायड्रॉलिक स्टिअरिंग असलेल्या अनेक जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत हा आकडा ३ ते ४ किलोग्रॅमच्या आसपास दिलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा वेगळा लिहा.

जुनेचाक

तेल बदलले, आणि जाळीवर काळा गाळ बसलेला असल्याने टाकीही बदलली. ताणकाट्यावर आधी साडेचार किलोग्रॅमच्या आसपास आकडा येत होता, आता साडेतीनच्या थोडा खाली येतो आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा आहे. झपाट्याने फिरवल्यावरचे अडखळणेही राहिले नाही. दाबमापक लावण्याची गरज दिसत नाही. आता एकच शंका आहे. सरळ रस्त्यावर व्हील थोडे उजवीकडे झुकलेले राहते. जुळणारी खूण पाहूनच शाफ्ट बसवला होता. तो काढून एक दात फिरवून बसवू का?

सरळरेषा

तसे करू नका. एक दात फिरवल्याने व्हील बऱ्याच अंशांनी सरकेल, आणि मुख्य म्हणजे रॅकचा मध्य आणि स्पायरल केबलचा मध्य यांचे जुळणे बिघडेल. तुम्ही शॉक अब्सॉर्बर सोडवून बेअरिंग बदलले आहे, त्यामुळे पुढच्या चाकांचे कोन थोडे हलले असणारच. चार चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. व्हील सरळ धरून बांधल्यावर दोन्ही टाय रॉड समप्रमाणात, पण उलट दिशांना फिरवून ते मध्यावर आणले जाते. त्या वेळी कॅस्टरचे दोन्ही बाजूंचे आकडेही मागून घ्या. बहुतेक गाड्यांत कॅस्टर बदलता येत नाही, परंतु डाव्या-उजव्यात मोठा फरक निघाला तर कंट्रोल आर्मचे बुश (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचे रबरी सांधे) किंवा सबफ्रेमची बैठक पाहावी लागेल. पिंच बोल्ट पुस्तिकेतील टॉर्कने आवळला आहे ना, हे मात्र गाडी अलाइनमेंटसाठी बाहेर काढण्यापूर्वीच पाहून घ्या.